गंजीला आग लागण्यापूर्वी

हंगामाच्या दिवसांत वऱ्हाडातील एखाद्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात पाऊल टाकावे, तर कापसाच्या शुभ्र गंज्यांइतक्याच ठळकपणे वाळूने भरलेल्या लाल बादल्या नजरेत भरतात. पाण्याचे टाके काठोकाठ भरलेले असते. दोन गंज्यांमध्ये मोकळी वाट सोडलेली असते. फाटकावरचा माणूस आत येणाऱ्याच्या खिशातील बिडी-काडेपेटी बाहेर ठेवून घेतो. कापसातून लोखंडाचा एखादा तुकडा यंत्रात गेला तर ठिणगी उडते, हे ठाऊक असल्याने तो तुकडा आधीच वेगळा काढण्याची व्यवस्था असते. आग मात्र वर्षानुवर्षे लागत नाही. मग घरातील नव्या पिढीचा मुलगा विचारतो, "आग लागतच नाही, तर एवढा खटाटोप कशासाठी?" त्यावर वडीलधारे म्हणतात, "खटाटोप आहे, म्हणूनच लागत नाही."

अकोला-अमरावतीच्या व्यापारी कुटुंबांची आजची सर्वांत मौल्यवान गंजी मात्र आवारात नाही. ती संगणकात आहे. खातेवही, उधारी, मालाचा साठा, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार, ग्राहकांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक, सारे काही एका पेटीत सामावले आहे. या गंजीची राखण करणारा एक नवा व्यवसाय गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभा राहिला. त्याला सायबर सुरक्षा सल्लागार म्हणतात. त्याची वाटचाल बहुधा आग विझविण्यापासून सुरू होते आणि आग लागू न देण्यापर्यंत पोहोचते. पहिले काम सर्वांना दिसते, दुसरे कोणाला दिसत नाही. आपल्या घरातील मुलामुलींनी या व्यवसायाकडे वळावे काय, आणि आपल्या पेढीने अशा माणसाला केव्हा बोलवावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या फरकात दडलेली आहेत.

हुंडीच्या काळातील शहाणपण

हा विषय व्यापाऱ्यांना परका वाटण्याचे कारण नाही. कापडाच्या ताग्यावर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची रीत पूर्वीपासून होती. ती अक्षरे दुकानातील माणसाला कळत, ग्राहकाला कळत नसत. गुप्तता राखण्याची ही साधी पण प्रभावी तजवीज होती.

हुंडीच्या व्यवहारात तर याहून अधिक विचार दिसतो. शाहजोग हुंडीचे पैसे कोणालाही मिळत नसत. बाजारात ज्याची ओळख आणि पत आहे अशा शाहालाच ते दिले जात. हातात कागद आहे एवढ्याने भागत नसे, कागद आणणारा कोण हेही पाहिले जाई. आज पासवर्डसोबत दुसरी खूण मागितली जाते, तिचे मर्म हेच आहे. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, काढली जाई. तीही हरवली तर परपेठ निघे. मूळ कागद नष्ट झाला तरी व्यवहार अडू नये, ही दृष्टी त्यामागे होती. आजच्या भाषेत तिला बॅकअप म्हणतात.

तात्पर्य, तत्त्वे जुनीच आहेत. फरक इतकाच, की पूर्वी चोराला पेढीपर्यंत चालत यावे लागे. आता तो दुसऱ्या खंडात बसून अकोल्याच्या टिळक रोडवरील दुकानाचे कुलूप चाचपू शकतो.

पहिल्या दिवसाचे काम

सल्लागाराची पहिली भेट बहुतेक वेळा संकटाच्या दिवशी होते. असा प्रसंग आता कोणत्याही गावात घडू शकतो. सोमवारी सकाळी डाळ मिलचे कार्यालय उघडते. संगणक सुरू होतो, पण एकही फाईल उघडत नाही. पडद्यावर संदेश झळकतो की सर्व नोंदी कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे मोजा. या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात, मराठीत खंडणीचे कुलूप म्हणता येईल. बाहेर तुरीच्या गाड्या उभ्या असतात, अडत्याचा फोन वाजत असतो, आणि कोणाकडून किती येणे आहे हे सांगू शकणारी एकमेव जागा मुकी झालेली असते.

अशा वेळी घाईने केलेल्या दोन गोष्टी हानी वाढवितात. एक, संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला बोलावून सर्व पुसून टाकणे, ज्याला फॉर्मॅट करणे म्हणतात. दुसरी, कोणालाही न सांगता पैसे भरून मोकळे होणे. पहिल्याने पुरावा नष्ट होतो. दुसऱ्याने पैसे जातात, आणि किल्ली मिळेलच याची हमी कोणीही देत नाही.

जाणकार सल्लागार प्रथम बाधित यंत्राची जाळ्याची तार काढायला सांगतो, वायफाय बंद करायला सांगतो, पण यंत्र शक्यतो बंद करू देत नाही. यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत हल्ल्याच्या खुणा असू शकतात, वीज गेली की त्या पुसल्या जातात. मग तो डिस्कची हुबेहूब प्रत काढतो आणि तिचा हॅश, म्हणजे त्या प्रतीची गणिती ओळखखूण, नोंदवून ठेवतो. प्रतीत एक अक्षर बदलले तरी ही खूण बदलते, म्हणून पुरावा अस्पर्श असल्याचे न्यायालयात सांगता येते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात हा हॅश नोंदवावा लागतो. त्यानंतर तो नोंदी वाचून घटनाक्रम जुळवितो: चोर केव्हा आला, कोणत्या दाराने आला, किती दिवस आत होता, जाताना काय घेऊन गेला. दार सापडण्यापूर्वीच घर पुन्हा मांडले, तर तोच चोर पुन्हा त्याच दाराने येतो.

कायद्यानेही येथे वेळेची मर्यादा घातली आहे. जानेवारी २००४ पासून कार्यरत असलेली सर्ट-इन ही देशाची सायबर आपत्ती प्रतिसाद संस्था. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे, आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली होती. ती केव्हाच संपली.

पुण्यातील दुसरा शनिवार

महाराष्ट्राला या विषयाचे गांभीर्य खऱ्या अर्थाने कळले ते पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्याने. १९०६ मध्ये स्थापन झालेली ही बँक देशातील जुन्या व मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता, बँकांना सुट्टी होती. त्या दिवशी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बँकेच्या बनावट कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातील एटीएममधूनही सुमारे अडीच कोटी निघाले, त्यांत कोल्हापुरातील यंत्रेही होती. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीद्वारे सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण आकडा ९४ कोटींवर गेला.

हे घडले कसे, हे प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. ग्राहक एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र बँकेला विचारते, "या खात्यात पैसे आहेत काय? देऊ काय?" हा प्रश्न एका मध्यस्थ प्रणालीतून, स्विचमधून, बँकेच्या खातेवहीपर्यंत जातो आणि उत्तर घेऊन परततो. हल्लेखोरांनी वाटेत खोटा स्विच बसविला. प्रश्न खातेवहीपर्यंत पोहोचेचना. वाटेतला तोतयाच प्रत्येक वेळी "द्या" असे उत्तर देत राहिला. पेढीवर चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला मुनिमांपर्यंत जाऊच न देता ओसरीवर बसलेल्या तोतया मुनिमाने पैसे देण्याचा हुकूम द्यावा, तसाच हा प्रकार. खातेदारांच्या खात्यांतून रक्कम गेली नाही, तोटा बँकेचा झाला.

तपास पुढे चालला. कार्डे घेऊन यंत्रांवर गेलेले काही जण पकडले गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. मात्र या प्रकरणाचा वऱ्हाडातील गावांपर्यंत पोहोचलेला परिणाम निराळा आहे. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिला बँकेच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार पातळ्यांची जोड दिली. ज्या बँकांत सुरक्षा हा संगणक विभागातील एखाद्या कर्मचाऱ्याचा जोडधंदा होता, तेथे ती संचालक मंडळाच्या सभेतील विषय बनली.

तरीही साखळीतील एक कडी कच्ची राहिली तर काय होते, ते ३१ जुलै २०२४ रोजी दिसले. अनेक लहान बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीच्या प्रणालीला रॅन्समवेअरचा उपद्रव झाल्याने राष्ट्रीय देयक महामंडळाने तिचा संपर्क तात्पुरता तोडला. परिणामी सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व इतर व्यवहार दुसऱ्या दिवशी संपर्क पूर्ववत होईपर्यंत अडले. त्या बँकांच्या स्वतःच्या दाराला कोणी हात लावला नव्हता. ज्याच्या भरवशावर त्या होत्या, त्याच्या घरी आग लागली होती.

दुरुस्तीच्या दुकानातून प्रतिबंधाकडे

संकट निवारणाकडून प्रतिबंधाकडे जाणाऱ्या वाटेचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण म्हणजे कैलास आणि संजय काटकर हे बंधू. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे हे कुटुंब पुण्यात आलेले. कैलास यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर काम धरले. पुढे मंगळवार पेठेत स्वतःचे लहानसे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकट्या भावाला मात्र संगणकशास्त्राचे शिक्षण दिले.

दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांपैकी अनेकांचा बिघाड यंत्राचा नसे, व्हायरसचा असे. ग्राहक संगणक साफ करून नेत आणि काही दिवसांनी तोच विकार घेऊन पुन्हा येत. दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीने हा तर नित्याचा गल्ला होता. परंतु संजय यांनी प्रत्येक व्हायरससाठी साफ करणारी लहान लहान साधने लिहिली, आणि पुढे ती एकत्र करून संगणकाला बाधाच होऊ नये असे सॉफ्टवेअर तयार केले. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी नोंदविली गेली. २००७ मध्ये तिचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले.

व्यापारी कुटुंबांनी या कथेतील एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. वारंवार येणारी दुरुस्ती हे उत्पन्न मानायचे की ग्राहकाचे दुःख मानायचे, या निवडीवर त्या दुकानाचे भवितव्य ठरले. सल्लागाराच्या आयुष्यातही हा क्षण येतोच. तिसऱ्यांदा त्याच मिलच्या त्याच संगणकावर रात्र जागून काढल्यावर त्याला वाटू लागते की विझविण्याचे पैसे घेत राहण्यापेक्षा वाळूच्या बादल्या ठेवायला शिकवावे.

न्हावा-शेवा आणि घानाचे भारनियमन

वऱ्हाडातील कापूस परदेशी जातो तेव्हा बहुधा न्हावा-शेवाच्या बंदरातून जातो. २७ जून २०१७ रोजी या बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. ते टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे होते, आणि नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने मर्स्कची जगभरची यंत्रणा एकाच दिवसात कोसळली होती.

या हल्ल्याचा उगम व्यापाऱ्यांना अंतर्मुख करणारा आहे. युक्रेनमध्ये कर व हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून तो पसरला. म्हणजे हल्ला आला तो हिशेबाच्या वहीतून. मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, तेही दहा दिवसांत. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. आणि या सर्व उभारणीचा पाया ज्या माहितीवर होता, म्हणजे कोणता संगणक कोणाचा आणि कोणाला कोणता अधिकार, त्या माहितीच्या साऱ्या प्रती जगभर एकाच वेळी पुसल्या गेल्या होत्या. एकच प्रत वाचली, आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयात. ती वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता.

भारनियमनाने सतावलेल्या वऱ्हाडी माणसाला या योगायोगाचे हसू येईल, पण त्यातला धडा गंभीर आहे. ज्या प्रतीला जाळ्याची तार जोडलेली आहे, ती प्रत मूळ वहीसोबतच जळते. म्हणून आज सल्लागार एक साधा नियम सांगतात: नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक पेढीबाहेर व जाळ्यापासून अलग. घानामध्ये जे दैवाने घडले, ते पेढीत नियमाने घडावे.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण वॉनाक्रायचे. १२ मे २०१७ रोजी या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला. ते ज्या फटीतून शिरत होते, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. जवळजवळ दोन महिने औषध उंबरठ्यावर पडून होते. ज्यांनी "उद्या करू" म्हणून अद्ययावत करण्याची सूचना पुढे ढकलली, त्यांच्यावर आपत्ती ओढवली.

न दिसणारे काम

प्रतिबंधाच्या कामाची अडचण ही, की ते यशस्वी झाले तर काहीच घडत नाही. रात्री बाराला धावून येऊन वही परत मिळवून देणाऱ्याचे आभार मानले जातात. वर्षभर काही बिघडू न देणाऱ्याला विचारले जाते, "तुमचे पैसे कशाचे?" त्यामुळे संकटाकडून प्रतिबंधाकडे वळणाऱ्या सल्लागाराला तंत्राइतकीच संवादाची कला लागते.

त्याचे काम यादीने सुरू होते. पेढीत संगणक किती, कोणती प्रणाली कोठे चालते, बँकेच्या खात्याची किल्ली कोणाकडे, सोडून गेलेल्या कारकुनाचा पासवर्ड अजून चालतो काय, हे आधी लिहून काढायचे. मग मालकाच्या परवानगीने स्वतःच दारे चाचपून पाहायची आणि कोणते कुलूप कच्चे आहे ते सांगायचे. परवानगी लेखी हवी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ प्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे शिरणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. "तुमच्या प्रणालीत शिरून दाखविले" अशी फुशारकी हा या व्यवसायाचा मार्ग नव्हे.

सर्वांत नाजूक प्रसंग माणसांच्या बाबतीत येतो. तीस वर्षे इमानाने काम केलेल्या मुनिमांकडेच पेढीच्या सर्व किल्ल्या असतात. रक्कम भरणारेही तेच, मंजूर करणारेही तेच. एकाने भरावे आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करावे, असे सल्लागार सुचवितो तेव्हा तो अविश्वास वाटू शकतो. त्याला सांगावे लागते की ही व्यवस्था मुनिमांवरील संशयातून आलेली नाही. मुनिमांच्या नावाने कोणी तोतया उभा राहिला तर त्यांच्यावर बालंट येऊ नये, म्हणून ती आहे. ज्याला हे आदराने सांगता येते, तोच वऱ्हाडातील पेढीवर टिकतो.

दुसरा अडसर मौनाचा आहे. फसवणूक झाली तर व्यापारी पोलिसांकडे जाण्यास कचरतो. "बाजारात कळले तर पत जाईल" ही भीती खरी आहे. पत हेच व्यापाऱ्याचे भांडवल. पण या गुन्ह्यांत पहिले काही तासच मोलाचे असतात. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळविले, तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठविता येण्याची शक्यता असते. दोन दिवस मौन पाळले तर ती शक्यता मावळते. शिवाय ग्राहकाची वैयक्तिक माहिती आपल्याकडे असेल, तर प्रश्न आपल्या एकट्याच्या अब्रूचा राहत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जो लपवितो त्याची पत राहते, हा समज आता सोडला पाहिजे. जो वेळेवर सांगतो आणि सावरतो, त्याची पत राहते.

अमरावती-अकोल्याच्या मुलांसाठी

या व्यवसायाची वाट घरापासून दूर सुरू होते असे नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून, तर बडनेऱ्याचे प्रा. राम मेघे तंत्रज्ञान महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. अकोल्यात बाभुळगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. संगणक किंवा माहिती तंत्रज्ञानाची पदवी घेतल्यानंतर पुण्याच्या सी-डॅकमधील प्रणाली व सुरक्षेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम करता येतो. पुराव्याच्या तपासाची आवड असेल तर नागपूरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आणि गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे.

आपल्या समाजात सनदी लेखापाल होणारी मुले-मुली पुष्कळ. त्यांच्यासाठी एक दार आधीच उघडे आहे. सनदी लेखापाल संस्थेचा माहिती प्रणाली लेखापरीक्षणाचा डिसा हा अभ्यासक्रम, आणि त्यापुढे सीसा ही आंतरराष्ट्रीय पात्रता. हिशेब तपासणाऱ्याने हिशेबाची पेटीही तपासावी, हा त्याचा स्वाभाविक विस्तार आहे. सीसा काय किंवा सीआयएसएसपी काय, या पात्रतांना परीक्षेबरोबर काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभवही लागतो. म्हणून पदवीनंतर लगेच सल्लागार होण्याची घाई करू नये. आधी दोन-चार वर्षे एखाद्या सुरक्षा केंद्रात पाळी करून रात्री जागाव्या, संकटे पाहावीत. ज्याने आग पाहिली नाही, त्याच्या सावधगिरीत वजन येत नाही.

हे काम पुष्कळसे दूरस्थ पद्धतीनेही होते. त्यामुळे लग्नानंतर मुलीचे गाव बदलले तरी तिची विद्या सुटत नाही. आणि गावाकडे परतू इच्छिणाऱ्या मुलांना वऱ्हाडात काम कमी नाही. बिझिलँडमधील घाऊक कापड दुकाने, अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल, सराफ्यातील पेढ्या, पतसंस्था, रुग्णालये, शाळा, या सर्वांना पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचे शुल्क परवडत नाही. त्यांना हवा असतो तो जवळचा, त्यांची भाषा आणि हंगाम जाणणारा माणूस. ऐन दिवाळीत दुकानाची प्रणाली तपासायला घेऊ नये, ते काम पावसाळ्यातील सवडीत उरकावे, हे त्याला सांगावे लागत नाही.

पेढीने आजच करावयाच्या गोष्टी

सल्लागार येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुढील गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

बँकेच्या व्यवहारांसाठी एक संगणक वेगळा ठेवावा. त्यावर चित्रपट, खेळ, लग्नपत्रिका काही उघडू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून आलेली एपीके फाईल म्हणजे पत्रिका नव्हे. ती मोबाईलमध्ये शिरणारी प्रणाली असते.

माल पुरविणाऱ्याकडून "आमचा खाते क्रमांक बदलला आहे" असा ईमेल आला, तर त्या ईमेलमधील क्रमांकावर फोन करू नये. आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर करावा आणि आवाज ओळखूनच रक्कम पाठवावी. शाहजोग हुंडीचा हाच नियम होता.

पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही द्यावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. हे वाक्य गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावे.

ईमेल, बँक आणि हिशेबाच्या प्रणालीला दुहेरी पडताळणी लावावी. नोकर काम सोडेल त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावा.

खातेवहीची प्रत रोज काढावी आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही.

अनधिकृत व्यवहार दिसताच बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रसंगी तीन कार्यदिवसांत कळविल्यास ग्राहकावर तोट्याचा भार येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मात्र ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचा तोटा आपल्याकडेच राहतो.

येत्या दिवाळीला अनेक घरांत वहीशेजारी लॅपटॉपही पूजेला ठेवला जाईल. कुंकवाचे बोट त्यालाही लागेल. त्या संध्याकाळी घरातील कर्त्या माणसाने मुलाला किंवा सुनेला एवढेच विचारावे, "हा आज रात्री बंद पडला, तर उद्या सकाळी उधारीची यादी कोठून काढायची?" उत्तर तत्काळ मिळाले, तर पेढीच्या दाराशी वाळूच्या बादल्या भरलेल्या आहेत असे समजावे. उत्तराला उशीर लागला, तर भाऊबीजेनंतरचे पहिले काम कोणते, ते ठरले.